सरोवराचा गाळ आणि जुन्या पावसाचा शोध

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या दहा मीटर गाळात काही ठरावीक पातळ्यांवर गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक सापडले. सोडियम, कॅल्शियम आणि कार्बोनेट यांचे, अंगात पाणी धरून ठेवणारे हे खनिज साध्या गोड्या तळ्यात बनत नाही. पाणी आटत आटत सोडियम कार्बोनेटने जड व्हावे लागते, तेव्हा कुठे ते तयार होते. हे स्फटिक आणि गाळातले इतर रासायनिक पुरावे एकत्र तपासून जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या भूविज्ञान केंद्रातील सुषमा प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक निष्कर्ष मांडला. गेल्या अकरा-बारा हजार वर्षांच्या होलोसीन काळात मध्य भारताने दोन दीर्घ कोरडे कालखंड पाहिले, पहिला ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

हे विधान एका वाक्यात मावते, पण त्यामागची साखळी लांब आहे आणि तिची प्रत्येक कडी वेगळी तपासावी लागते. गाळात पाऊस साठत नाही. गाळात साठते ते तळ्याचे रसायन. पाणी किती खारट होते, तळाशी प्राणवायू होता की नाही, काठावरची माती किती धुपून येत होती, पाण्यात शैवाल किती माजले होते, एवढेच गाळ सांगू शकतो. तिथून पावसापर्यंतची वाट संशोधकाला स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते. गेल्या साठ वर्षांत या शास्त्राने बरीच प्रगती केली आहे. माझ्या मते त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट नवी यंत्रे नव्हे. एकाच आकड्याची दोन परस्परविरुद्ध कारणे असू शकतात, हे या शास्त्राने मान्य केले, ती मोठी गोष्ट आहे.

पायाभूत काम १९६६ साली मॅकरेथ यांनी केले. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या तळ्यांचा गाळ त्यांनी थराथराने तपासला. त्याआधी गाळाच्या रसायनाकडे तळ्याचे रसायन म्हणून पाहिले जाई. मॅकरेथ यांनी दाखवले की हा गाळ मुख्यतः पाणलोटातून आलेल्या मातीचा क्रम आहे. सोडियम आणि पोटॅशियम जास्त असलेला थर म्हणजे माती मुरून, झिजून तिच्यातले क्षार निघून जाण्याआधीच ती धुपून आली. हे क्षार कमी असतील, तर माती डोंगरावर दीर्घकाळ स्थिर राहिली. लोह आणि मँगनीज यांचे वागणे त्यांनी वेगळे काढले. प्राणवायू संपला की दोन्ही विरघळून हालचाल करतात, पण मँगनीज लवकर सुटते. म्हणून त्यांच्या प्रमाणावरून तळाच्या पाण्याची स्थिती कळू शकते. पुढे असेही दिसले की मँगनीज गाळ साचल्यानंतरही थरांमधून वर सरकते. म्हणजे आज जिथे सापडले तिथेच ते मुळात पडले होते, असे गृहीत धरता येत नाही.

आज हे काम बऱ्याच अंशी क्ष-किरणांनी होते. गाळाची नळी उभी चिरून यंत्राखालून सरकवली की मिलिमीटरहून बारीक अंतरावर टायटॅनियम, लोह, कॅल्शियम, पोटॅशियम, रुबिडियम, स्ट्रॉन्शियम यांच्या नोंदी मिळतात आणि नमुना जसाच्या तसा राहतो. सैबेरियातल्या एल्गिगितगिन सरोवराच्या गाळावर अशा नोंदींचा मोठा उपयोग झाला. हे सरोवरही लोणारप्रमाणे उल्केच्या आघाताने तयार झालेल्या विवरात आहे, पण ३६ लाख वर्षांपूर्वीच्या. टायटॅनियम फक्त खडकातून येते, सिलिका मात्र खडकातून येते तशीच डायटम या सूक्ष्म शैवालाच्या कवचातूनही येते. म्हणून सिलिकॉन आणि टायटॅनियम यांचे गुणोत्तर वाढले, तर तळ्यात जीवन बहरले होते असे म्हणता येते. मात्र यंत्र मोजते ती किरणांची तीव्रता. ते द्रव्याचे थेट प्रमाण नव्हे. गाळात पाणी किंवा सेंद्रिय द्रव्य वाढले की सगळेच आकडे उतरतात. म्हणूनच एकट्या मूलद्रव्याचा आलेख पाहून काढलेल्या निष्कर्षावर मी विश्वास ठेवत नाही. गुणोत्तर हवे आणि मधून मधून प्रयोगशाळेत विरघळवून केलेले मोजमापही हवे.

टायटॅनियम कुठून आले, हा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो याचे उदाहरण दक्षिण चीनमधल्या हुगुआंग मार या ज्वालामुखी विवरातल्या सरोवराचे आहे. २००७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिथल्या गाळातले टायटॅनियम म्हणजे हिवाळी वाऱ्यांनी उत्तरेकडून आणलेली धूळ, असे धरले होते. टायटॅनियम जास्त म्हणजे हिवाळी वारे जोरदार आणि उन्हाळी पाऊस कमजोर. त्यावरून तांग राजवटीच्या ऱ्हासाशी दुष्काळाची सांगड घातली गेली. लगेच आक्षेप आले. विवराचा काठ स्वतःच ज्वालामुखी खडकांचा आहे आणि त्या खडकात टायटॅनियम भरपूर असते. ते जर काठावरून पावसाने धुऊन आणले असेल, तर तोच आलेख नेमका उलटा वाचावा लागेल. मोजणीत कुणाची चूक नव्हती, वाद अर्थाचा होता. लोणारही बेसाल्टच्या कड्यांनी वेढलेले आहे आणि दख्खनच्या बेसाल्टमध्ये टायटॅनियम चांगलेच असते, म्हणून आपल्याकडच्या अभ्यासकांनी हे प्रकरण कायम डोळ्यांसमोर ठेवावे.

पाणी आटताना काय होते, हा भाग मला सर्वांत समाधान देणारा वाटतो, कारण तिथे रसायनाचा तर्क स्वच्छ आहे. हार्डी आणि युगस्टर यांनी १९७० साली तो मांडला. बाहेर वाट नसलेल्या तळ्यात पाणी आटू लागले की आधी कॅल्साइट पडते. त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट सारख्या प्रमाणात खर्च होतात. मुळात यांपैकी जे जास्त होते ते शिल्लक उरते आणि तळ्याचे पुढचे आयुष्य तेच ठरवते. कॅल्शियम उरले तर सल्फेटबरोबर जिप्सम पडते, कार्बोनेट उरले तर ते सोडियमबरोबर जमत जाते आणि सोडा तयार होतो. कोकणातल्या मिठागरात समुद्राचे पाणी आटताना मीठ धरण्याआधी जिप्सम पडते, ते याच नियमाने. बेसाल्टमधून झिरपलेल्या पाण्यात बायकार्बोनेटचे पारडे जड असते. म्हणून लोणारचे पाणी दहाच्या आसपास पीएचचे, सोड्याचे झाले. तिथला क्षार साबण आणि काचेसाठी उपयोगी असल्याची नोंद ‘ऐन-ए-अकबरी’तही आहे. क्षार गोळा करणारे लोक त्याच्या प्रती दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशा वेगवेगळ्या नावांनी ओळखत.

जिप्समच्या वाटेने गेलेले तळे म्हणजे मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातले चिचानकानाब. १९९५ साली हॉडेल, कर्टिस आणि ब्रेनर यांनी त्याच्या गाळात इ.स. ८०० ते १००० या काळात जिप्समचे थर दाटलेले दाखवले. कवचांमधल्या प्राणवायूच्या समस्थानिकांनीही तेच सांगितले. जड प्राणवायू-१८ असलेले पाण्याचे रेणू मागे राहतात, हलके आधी वाफ होऊन जातात. म्हणून आटणाऱ्या तळ्यात प्राणवायू-१८ चे प्रमाण चढते. माया संस्कृतीची मोठी नगरे ओस पडली ती याच सुमाराला. तरीही हा पुरावा ‘कोरडे होते’ एवढेच सांगत होता. किती कोरडे, याचे उत्तर २०१८ साली आले. जिप्समच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात, म्हणजे ज्या पाण्यात तो स्फटिक घडला त्या तळ्याचे पाणीच त्यात अडकलेले असते. इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी या अडकलेल्या पाण्यातले हायड्रोजनचे आणि प्राणवायूचे समस्थानिक मोजले. त्यांचे परस्परसंबंध हवेतल्या आर्द्रतेनुसार बदलतात, त्यावरून गणित मांडता आले. वार्षिक पाऊस आजच्या मानाने ४१ ते ५४ टक्क्यांनी घटला होता आणि दुष्काळाच्या शिखरावर घट ७० टक्क्यांपर्यंत गेली होती, असे उत्तर निघाले. सापेक्ष आर्द्रता २ ते ७ टक्क्यांनी उतरली होती. तळ्यापासून पावसापर्यंतची वाट खरोखर बांधून काढल्याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

समस्थानिकांचा उपयोग सगळीकडे इतका सरळ होत नाही. बाहेर वाट असलेल्या, पाणी खेळते असलेल्या तळ्यात प्राणवायू-१८ चा आकडा मुख्यतः पावसाच्या पाण्याचा असतो, बाष्पीभवनाचा नसतो. एकच तळे पाणी वाढल्यावर ओसंडू लागते आणि घटल्यावर बंदिस्त होते. म्हणजे त्याच आलेखाचा अर्थ मध्येच बदलतो. आधी तळ्याचा हिशेब समजून घ्यायचा, मग समस्थानिकांचा, हा क्रम घाईत अनेकदा उलटा होतो.

सेंद्रिय द्रव्याने या शास्त्राला नवे बळ दिले. कार्बन आणि नायट्रोजन यांचे गुणोत्तर ही सर्वांत जुनी खूण. शैवालात ते ४ ते १० असते, जमिनीवरच्या झाडांत २० च्या वर जाते. त्याहून नेमके पुरावे पानांवरच्या मेणातून मिळतात. जमिनीवरच्या झाडांच्या मेणात २७ ते ३३ कार्बनच्या, विषम संख्येच्या लांब साखळ्या असतात आणि त्या गाळात हजारो वर्षे टिकतात. त्यांच्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून झाडे-झुडपे होती की ज्वारीच्या जातकुळीतले उन्हाळी गवत, हे ओळखता येते, आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांतून पावसाच्या पाण्याचा माग लागतो. लोणारच्या गाळातल्या मेणावर असा अभ्यास झाला आहे. त्यातून पुढे आलेली शक्यता महाराष्ट्राच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. मध्य होलोसीनमध्ये हवा कोरडी होत असतानाच बाष्पाचा उगमही बदलला असावा. म्हणजे हायड्रोजनचा आकडा बदलला, तर पाऊस कमी झाला का आणि बाष्प वेगळ्या समुद्रातून येऊ लागले का, हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात. तापमानासाठी जिवाणूंच्या पेशीपटलातल्या मेदांचा वापर होतो. ही पद्धत आशादायक आहे, पण उष्ण प्रदेशातल्या लहान, खाऱ्या तळ्यांसाठी तिचे मापन अजून घट्ट बसायचे आहे.

नायट्रोजनचा पुरावा लोणारमध्ये विशेष फसवा ठरू शकतो. जड नायट्रोजन-१५ चे प्रमाण वाढले की सांडपाणी आले, असा अंदाज करायचा मोह होतो. पण तळाशी प्राणवायू नसेल तर नायट्रेटचे विघटन होऊनही ते वाढते आणि पाणी तीव्र अल्कधर्मी असेल तर अमोनिया वायुरूपाने उडून जाऊनही वाढते. लोणारमध्ये या तिन्ही गोष्टी घडू शकतात.

आता एक तक्रार, आणि ती मी मनापासून करतो. तळ्याच्या जुन्या खडकांवरच्या कितीतरी लेखांत एक ठरावीक कोष्टक दिसते. व्हॅनेडियम आणि निकेल यांचे गुणोत्तर इतके म्हणजे प्राणवायू नव्हता, युरेनियम आणि थोरियम यांचे तितके म्हणजे होता, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम यांचे इतके म्हणजे पाणी गोडे. यातल्या प्राणवायूच्या अनेक सीमारेषा जोन्स आणि मॅनिंग यांच्या १९९४ च्या निबंधातून आल्या. तो निबंध वायव्य युरोपातल्या ज्युरासिक काळातल्या सागरी पंकाश्मांवरचा होता. तिथल्या समुद्रासाठी बसवलेली रेषा बेसाल्टच्या पाणलोटातल्या तळ्याला कशी लागू पडेल? बेसाल्टमध्ये व्हॅनेडियम मुळातच जास्त असते, म्हणून प्राणवायूने भरलेल्या तळ्यातही आकडा ‘प्राणवायू नाही’ असे म्हणेल. २०२० साली अल्जिओ आणि लिऊ यांनी या सीमारेषांची फेरतपासणी करून त्या सार्वत्रिक नाहीत, प्रत्येक खोऱ्यासाठी वेगळ्या ठरवाव्या लागतात, हे ठामपणे मांडले. तरीही कोष्टके छापून येतच आहेत. आधी पाणलोटातल्या खडकाचे रसायन मोजा, ते वजा करा आणि मग उरलेल्यावर बोला. हे न करता काढलेला निष्कर्ष मला पुरावा म्हणून मान्य नाही.

जसजसे मागे जावे तसतशी ही अडचण वाढते. मुंबईत वरळीला लाव्हाच्या थरांमधल्या तळ्याच्या गाळात इंडोबॅट्रॅकस या छोट्या बेडकाचे जीवाश्म मिळाले. नागपूरच्या टाकळी भागातही असे आंतरलाव्हा गाळ आहेत. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची ती तळी पुढच्या लाव्हाखाली गाडली गेली, भाजली गेली, त्यांच्यात सिलिका शिरली. मूळ पाण्याचे रसायन त्यात शोधायचे तर नंतर झालेले बदल आधी बाजूला काढावे लागतात. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या ग्रीन रिव्हर खडकांत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याने सोड्याच्या खनिजाचा, ट्रोनाचा, जगातला सर्वांत मोठा साठा मागे ठेवला. तिथे खनिज स्वतःच इतके बोलके आहे की गुणोत्तरांवर फारसे विसंबावे लागत नाही. मंगळावर गेल विवरातल्या पंकाश्मात क्युरिऑसिटी यानाला चिकणमातीची खनिजे मिळाली आणि पाणी कमी खारट, जवळपास उदासीन होते असे ठरले, तेही याच तर्काने.

काळ ठरवणे ही या शास्त्रातली सर्वांत नाजूक कडी. किरणोत्सारी कार्बनने वय काढताना तळ्यातल्या पाण्यात जुना कार्बन मिसळलेला असला, तर शैवाल आणि शिंपले प्रत्यक्षाहून शेकडो, कधी हजारो वर्षे जुने दिसतात. म्हणून जमिनीवरच्या झाडाचे पान किंवा काटकी गाळात सापडणे फार मोलाचे. जपानच्या सुइगेत्सु सरोवरात वर्षागणिक पडलेल्या थरांमध्ये अशी पाने मिळाली आणि २०१२ साली त्यांच्यामुळे कार्बन कालमापनाची पट्टी सुमारे ५२,८०० वर्षांपर्यंत मागे नेता आली. अलीकडच्या दीडशे वर्षांसाठी शिसे-२१० वापरतात. त्याचे अर्धायुष्य साधारण २२ वर्षांचे असते. १९६३ च्या सुमाराला अणुचाचण्यांमुळे आलेल्या सीझियम-१३७ च्या शिखरावरून ते पडताळता येते.

वयाची चूक किती महाग पडते, हे सिंधू संस्कृतीच्या चर्चेत दिसते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गुरदीप सिंग यांनी राजस्थानातल्या खाऱ्या तळ्यांतल्या परागकणांवरून नगरांच्या भरभराटीला ओल्या हवामानाशी आणि ऱ्हासाला कोरडेपणाशी जोडले. १९९९ साली एन्झेल आणि सहकाऱ्यांनी लूणकरणसर तळे नगरांच्या ऱ्हासाच्या हजाराहून अधिक वर्षे आधीच आटले होते असे दाखवले. मग २०१४ साली दीक्षित, हॉडेल आणि पेट्री यांनी हरियाणातल्या कोटला डाहर इथल्या गोगलगाईंच्या शंखांतून सुमारे ४१०० वर्षांपूर्वी पाऊस अचानक मंदावल्याचा पुरावा दिला. मला यात विरोध दिसत नाही. थरच्या वाळवंटातले उथळ तळे आणि तुलनेने जास्त पावसाच्या पट्ट्यातले तळे एकाच वेळी आटणार नाहीत. प्रत्येक तळ्याचा आटण्याचा उंबरठा वेगळा. एकाच तळ्यावरून अख्ख्या संस्कृतीचे भवितव्य ठरवण्याची घाई मात्र नडली.

आपल्याकडेही हीच काळजी हवी. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावच्या उत्खननावरून म. के. ढवळीकरांनी मांडले की इ.स.पू. १००० च्या सुमाराला पाऊसमान बिघडले आणि उत्तर जोर्वे काळातले लोक शेतीकडून पशुपालनाकडे वळले. हा काळ म्हणजे आजपासून सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा. लोणारच्या दोन्ही कोरड्या कालखंडांमध्ये तो बसत नाही. याचा अर्थ ढवळीकर चुकले असा नाही. इनामगाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे आणि लोणार विदर्भाच्या उंबरठ्यावर. शिवाय दुसरा कोरडा कालखंड इ.स.पू. पहिल्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत पसरतो. याच काळात वाकाटकांच्या आश्रयाने अजिंठ्याची लेणी चितारली गेली, वेरूळचे कैलास कोरले गेले आणि खुद्द लोणारला दैत्यसूदनाचे मंदिर उभे राहिले. म्हणजे गाळातला ‘कोरडा कालखंड’ आणि माणसाने भोगलेला दुष्काळ यांना एक मानता येत नाही. दहा मीटर गाळ सुमारे अकरा हजार वर्षांचा धरला, तर एका सेंटिमीटरच्या नमुन्यात सरासरी दशकाहून थोडा जास्त काळ मिसळलेला असतो. १९७२ सारखा दुष्काळ अशा नमुन्यात विरून जाईल.

या बारीक काळासाठी महाराष्ट्रात दुसरी जागा आहे, ती म्हणजे भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर भागातले मालगुजारी तलाव. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेल्या या तलावांमध्ये अलीकडच्या शतकांचा गाळ साचला आहे. त्यात १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांचा काळ येतो आणि त्याच जिल्ह्यांच्या महसुली नोंदींशी तो ताडून पाहता येईल. गाळाच्या आकड्याला प्रत्यक्ष मोजलेल्या पावसाशी जोडण्याची अशी संधी लोणारमध्ये मिळत नाही. पण तलावांतला गाळ काढून शेतात टाकण्याचे काम राज्यात जोरात आहे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना त्यासाठीच राबवली जाते. शेतीला त्याचा फायदा आहे आणि ते थांबवावे असे कुणी म्हणणार नाही. मात्र जुन्या तलावात पोकलेन उतरण्याआधी त्याच्या सर्वांत खोल भागातून दोन इंच व्यासाची एक नळी तळापर्यंत दाबून गाळ काढता येतो, आणि शीतगृहात नीट ठेवला तर तो वर्षानुवर्षे अभ्यासता येतो. जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला आधी कळवायचे आणि अशी एक नळी घेतल्याशिवाय काम सुरू करायचे नाही, एवढी एक अट योजनेत घालायला हवी.